लाल हेल्मेटचा पट्टा

१४ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. दुकानात सुट्टीवर आलेल्यांची बर्फातले बूट भाड्यानं घ्यायला झुंबड होती, म्हणून दिवसभर ते एप्रनच्या खिशात घेऊन हिंडले आणि संध्याकाळी घरी येऊन, पाय गरम पाण्यात सोडून, दोनदा वाचलं. मी इथे मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला विचारतंय कोण. मालकीणबाईंनी नवीन हीटर घेतलाय, त्यामुळे ओल्या बुटांचा वास आता दुप्पट वेगानं दुकानभर पसरतो.

तर तू स्नोबोर्डिंग शिकणार! नऊ जानेवारीपासून, आठवडाभर, मैत्रिणींबरोबर. वहिनीनं परवानगी दिली हे वाचल्यावर मी चष्मा पुसून ती ओळ परत वाचली. ती मनातून किती घाबरली असेल ते तुला आत्ता कळायचं नाही. तिला रोज फोन कर, न विसरता.

माझी पत्रं तू बाबांना सावकाश वाचून दाखवतेस आणि ते एखादा शब्द पकडून पुन्हापुन्हा म्हणत बसतात, असं लिहिलंयस. म्हणून मोठ्या अक्षरात, छोटी वाक्यं लिहायचं ठरवते. पण माझी जीभ आणि पेन दोन्ही सैल, ठरवलेलं राहत नाही.

आता सामानाचं. "आत्या, तू रोज पन्नास जणांच्या पायांत बूट चढवतेस, मग मी काय घेऊ ते सांग." सांगते की. बोर्ड तिथेच भाड्यानं घे, उभा धरला की हनुवटीपर्यंत येणारा, हातानं दाबला तर जरा वाकणारा. दुकानदार म्हणेल, हा बघा, पट्टीचे लोक हाच वापरतात. गोड हसायचं आणि साधाच उचलायचा. बुटांना मात्र वेळ दे. घालून, नाड्या आवळून, गुडघे वाकव. टाच उचलली गेली तर बूट मोठा. बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, दुमडता कामा नयेत. मोजे लोकरीचे आणि एकच जोड. दोन जोड चढवून ऐटीत जाणारे शहाणे माझ्याकडे रोज येतात आणि तासाभरात पाय गारठवून परत येतात, कारण बुटात हवेला जागाच उरत नाही.

सुती काही अंगाला लागू द्यायचं नाही, बनियनसुद्धा. घामानं ओलं झालं की ते ओलंच राहतं. आत अंगासरसा पातळ थर, त्यावर ऊबदार, आणि सगळ्यात वर पाणी आत न येऊ देणारं जाकीट. पँट मागच्या बाजूला गादी असलेली घे. हसू नकोस. पहिले तीन दिवस तुझा मुक्काम बुडावरच आहे.

मनगटाचे गार्ड मी पाठवतेय, ते हातमोज्यांच्या आत घाल. पडताना माणूस हात पुढे करतो, आणि मनगट जातं. तुझे बाबा शिकवायला उभे राहिले की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "बर्फाला टाळी द्यायची नाही!" मुठी वळायच्या आणि कोपरापर्यंतच्या हातावर पडायचं. सगळा वर्ग मुठी वळून नुसता उभा, आणि हा पठ्ठ्या त्यांच्यासमोर मुद्दाम आडवा पडून दाखवायचा.

कुठला पाय पुढे ठेवायचा ते आत्ताच ठरवून टाक. डोळे मिटून सरळ उभी राहा आणि कुणालातरी मागून अवचित ढकलायला सांग. जो पाय आपोआप पुढे पडेल तो तुझा. हे काम बाबांना सांगून बघ. त्यांनी आपल्या हातांनी हजारभर लोकांना ढकललंय.

आणि ते लाल हेल्मेट. "बाबांचं लाल हेल्मेट तुझ्याकडे आहे का? मला तेच घालायचंय." माझ्याकडे नाही गं. कुठे गेलं कोण जाणे, एवढ्या वर्षांत टाकूनही दिलं असेल. त्याच्या मागे लागू नकोस. मी नवीन पाठवते, डोक्याचं माप तेवढं कळव, भुवयांच्या एक बोट वरून टेप धरून. दुकानात मला कात्रीबाई म्हणतात, तेव्हा हेल्मेटच्या बाबतीत माझं ऐकायचं. कात्रीबाई का, ते पुढे कधीतरी.

मी घरी का येत नाही, असंही विचारलंयस. सीझन आहे ना गं. सुट्टी कुठली मिळायला.

वहिनीला नमस्कार. बाबांच्या पायांना ऊबदार मोजे घालत जा.

तुझी,
आत्या

---

२९ डिसेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

हे पत्र बाबांना वाचून दाखवायच्या आधी एकटीनं वाच. शेवटी मी एक रेघ ओढली आहे. रेघेच्या खालचं बाबांसाठी आहे. ते वाचून दाखवायचं की नाही, हे तू ठरव.

तुझं पत्र वाचून आधी खूप हसले. बाबांनी ढकललं म्हणे, ते इतक्या जोरात की तू थेट सोफ्यावर! आणि टाळी वाजवून स्पष्ट म्हणाले, "उजवा! माझ्यासारखी!" भिंगरी, अपघातानंतरच्या नऊ वर्षांत तू मला त्यांचं एवढं मोठं वाक्य लिहून पाठवलं नव्हतंस. मी ते दुकानात सगळ्यांना सांगितलं. मालकीणबाईंना दोनदा.

मग पान उलटलं. "आत्या, खुशखबर! लाल हेल्मेट आपल्याच घरात होतं. आईच्या कपाटावर, हॉस्पिटलातून आलेल्या पिशवीत. मागे बारीकसा ओरखडा आहे, बाकी नवंकोरं. मला असं बसलंय जणू माझ्यासाठीच केलंय. तू दुसरं पाठवू नकोस, मी हेच घालणार."

ते घालू नकोस.

यासाठी मी चार कागद फाडले. पहिल्यावर लिहिलं होतं की हेल्मेट जुनं झालं की आतला थर मरतो, वापरायचं नसतं. ते खरंही आहे. पण तू बापाची लेक. तुला दिलेलं एवढंसं कारण तू हो हो म्हणून खिशात घालशील आणि बॅगेत तेच लाल हेल्मेट भरशील. म्हणून खरं काय ते सांगते.

तुझा बाबा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मी सत्तावीस वर्षांची घोडी झाले तरी बर्फावर तो मला छोटी म्हणायचा (घरी मात्र नावानं), शिकायला आलेल्यांसमोरसुद्धा. मी त्याच्या हाताखाली शिकवायचे. अपघाताच्या त्या आठवड्यात वरचा उतार दोरी बांधून बंद केला होता. बर्फ वितळून पुन्हा गोठला होता, सगळा उतार काचेसारखा. दादानं मला निक्षून सांगितलं, "तिकडे फिरकायचं नाही." झालं. मला कुणी असं सांगितलं की माझं डोकं फिरतं. तो वर्गावर गेल्यावर मी दोरीखालून वाकून गेले. माझं हेल्मेट वाळत घातलं होतं, म्हणून खुंटीवरचं त्याचं लाल हेल्मेट घालून गेले, न विचारता.

तिसऱ्या वळणाला बोर्डाची कड निसटली आणि मी उताणी पडले. डोक्याचा मागचा भाग असा आपटला की आवाज मला आतून ऐकू आला. उठले. सगळं जागच्या जागी. कोपर तेवढं सुजलं होतं. सामानाच्या खोलीत येऊन दार लावलं आणि हेल्मेटचं आतलं अस्तर उचलून पाहिलं. थर्मोकोलसारखा पांढरा थर असतो ना, त्यात मागे केसाएवढा तडा गेला होता. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

हेल्मेट एकदाच उपयोगी पडतं, भिंगरी. मार तो पांढरा थर खातो आणि संपतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे, मार लागलेल्या हेल्मेटचा पट्टा तिथल्या तिथे कापायचा आणि मग ते टाकायचं, म्हणजे कुणी चुकून उचलून घालणार नाही. मला हा नियम दादानंच शिकवला होता. मी अस्तर दाबून परत बसवलं, ओल्या फडक्यानं ते पुसलं आणि खुंटीला अडकवलं. पट्टा कापला असता तर त्यानं विचारलं असतं, कुठे पडलीस. मग अख्ख्या वर्गादेखत माझी हजेरी घेतली असती. मला त्याचीच भीती वाटली. बस, एवढंच.

संध्याकाळी मी कोपर सांभाळत चालत होते ते त्यानं पाहिलंच. "छोटी, पडलीस का? लागलं का?" मी म्हटलं, "छे, पायरीवर घसरले."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाआधी आम्ही नेहमीसारखे एकमेकांसमोर उभे राहिलो. शिकवणाऱ्यांनी जोडीजोडीनं एकमेकांचं सामान तपासायचं असतं. तो माझं बघायचा, मी त्याचं. त्यानं माझे पट्टे ओढून पाहिले, बूट बोर्डाला अडकवणारं बाइंडिंग पाहिलं, म्हणाला, "ठीक." मग लाल हेल्मेट माझ्या हातात दिलं. मी ते फिरवून पाहिलं. दुपारी कोठीतून तसंच नवीन आणून गुपचूप बदलू, असं मनात ठरवलं होतं. आणि मी म्हणाले, "ठीक."

साडेदहाला तो पडला. सोप्या उतारावर, सात-आठ वर्षांच्या पोरांना शिकवताना. एक मुलगी अंगावर आली, तिला चुकवताना कड अडकली आणि तो मागे पडला. साधं पडणं होतं. पोरं हसलीसुद्धा, त्यांना वाटलं सर नेहमीसारखे मुद्दाम पडून दाखवतायत.

हॉस्पिटलात डॉक्टर वहिनीला म्हणाले, "हेल्मेट होतं ना डोक्यावर? मग एवढं कसं लागलं?" मी तिच्या शेजारी उभी होते. तिनं माझा हात धरला होता. मी मूग गिळून बसले, आणि तशी नऊ वर्षं बसून आहे.

धड हेल्मेट असतं तरी हेच झालं असतं का? कुणालाच सांगता येणार नाही. मी त्याच आडोशाला राहिले इतके दिवस. दुकानात आता कुणी म्हटलं की हेल्मेट जरासं आपटलं, तर मी दुसरा शब्द न ऐकता कात्री काढते. गिऱ्हाइकं चिडतात, मालकीणबाई कपाळाला हात लावतात. म्हणून कात्रीबाई.

आणि सीझनचं म्हणशील तर इथे एप्रिलनंतर बर्फच नसतो. मे ते ऑक्टोबर मी रिकामी असते. मला सुट्टी होती गं, दर वर्षी होती.

तुझ्या पत्राच्या शेवटी, अगदी कोपऱ्यात, तू लिहिलंयस, "गंमत ऐक. हेल्मेट दिसलं की बाबा सारखे म्हणतात, छोटी पडली, लागलं का. आई म्हणते त्यांच्या वर्गातली कुणीतरी मुलगी असेल. ही छोटी कोण गं, तुला माहीत आहे?"

माहीत आहे.

त्याला अपघात आठवत नाही, बर्फ आठवत नाही, वहिनीचं नावसुद्धा काही दिवस सापडत नाही. आणि हे एवढं राहिलंय. वाचल्यावर मी दुकानाच्या मागच्या खोलीत, वाळत घातलेल्या बुटांमध्ये बसून रडले. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही.

पेटीत नवीन हेल्मेट आहे, तू कळवलेल्या मापाचं. पट्टा न लावता डोकं हलवून बघ. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. गॉगल आणि हेल्मेट यांच्यात फट राहता कामा नये. मनगटाचे गार्ड, लोकरीचे दोन जोड मोजे (दोन दिवसांसाठी, एकावर एक नव्हे!) आणि तळाशी माझी कात्री आहे. लाल हेल्मेटचं मागचं अस्तर उचलून स्वतः बघ. मग दोन्ही बाजूंचा पट्टा काप. ते काम माझं होतं, तुझ्यावर येतंय.

तुला माझा राग येईल. यायलाच हवा. यापुढे पत्र लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस, मी समजून घेईन. पण नऊ तारखेला जा. भिऊन घरी बसू नकोस. हे सगळं नीट अंगावर चढव, उजवा पाय पुढे ठेव, आणि निघण्याआधी मैत्रिणीकडून सामान तपासून घे. तिचं तू तपास. शंका आली तर 'ठीक' म्हणायचं नाही.

वहिनीला तू काही सांगू नकोस. ते मी तिच्यासमोर उभी राहून सांगणार आहे.

आता रेघ.

__________

दादा,

मी छोटी.

त्या संध्याकाळी तू विचारलंस, पडलीस का, लागलं का. मी म्हटलं, पायरीवर घसरले. ते खोटं होतं.

मी बंद उतारावर पडले, दादा. तुझं लाल हेल्मेट घालून. कोपर सुजलं. डोक्याला काही झालं नाही, कारण मार तुझ्या हेल्मेटनं खाल्ला. आणि मी तुला सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तू तेच घातलंस.

चार तारखेला येते. बस दुपारी बाराला पोचते. वहिनीनं आत घेतलं नाही तर पायरीवर बसेन, तुझ्या खिडकीसमोर.

मला बघितलंस की पुन्हा विचार. या वेळी खरं सांगेन.

तुझी,
छोटी