नावं सुरू झाली की उठून जाणारा

प्रिय एल्नाथान दादा,

हे पत्र तुला कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. आपल्या घरात लिहायला शिकले ती मी एकटीच. ज्याच्या हाती घराची किल्ली देशील, अशाच माणसाला वाचायला दे.

शौल इथे दिमिष्कात परत आला होता. येशूची माणसं म्हणून यरुशलेमेत घरोघरी शिरून लोकांना ओढून नेणारा, अबीतल वहिनीला तुझ्या दारातून कैदेत नेणारा. वहिनी तिथून परत आलीच नाही. आता तोच सभास्थानात उभा राहून येशूचं नाव सांगत होता. पहिल्यांदा आम्हाला धरायला इकडे येताना वाटेत प्रभूने हाक मारली म्हणे. सगळे गहिवरले. मला वाटलं, पारध्याने फक्त बसायची जागा बदलली आहे.

प्रार्थनेच्या शेवटी आम्ही कैदेतल्यांची आणि गेलेल्यांची नावं घेतो. तो असला की मी वहिनीचं नाव मनातच घ्यायचे. आणि नावं सुरू झाली की तो दर वेळी उठून अंगणात जायचा. भिंतीला कान लावत असेल, असं मी तिर्सा मावशींना म्हटलं. त्यांच्याकडेच तो तंबूचं कापड शिवायचा. त्या म्हणाल्या, "दोन अक्षरं शिकलीस तर आता माणसंही वाचायला लागलीस होय? एवढं दिसतं तर माझी हरवलेली सुई शोधून दे."

एकदा मी त्याच्या मागोमाग गेले. गोठ्यापाशी पाठमोरा उभा राहून तोही नावं घेत होता, त्याने स्वतः नेलेल्यांची, गल्ल्यांसकट. "अबीतल, कुंभारगल्ली." दादा, ही गल्ली मी इथे कुणालाच सांगितलेली नव्हती. आत येऊन का घेत नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "त्यांच्या माणसांदेखत? जीभ रेटत नाही, ताई." मला ते खरं वाटलं. आणि लगेच वाटलं, इतक्या गल्ल्या पाठ असतात त्या हेरालाच.

येशूचं नाव सांगतो म्हणून परवा त्यालाच पकडायला वेशीवर पहारे बसले. मावशींचं घर तटातच आहे. तिथल्या खिडकीतून त्याला टोपलीत बसवून खाली सोडला. तो आशीर्वाद द्यायला लागला, तर मावशी म्हणाल्या, "ते खाली पोचल्यावर. आता अंग चोरून बस." दोर धरणाऱ्यांत मी होते. मधेच वाटलं, आता हात सुटला तर कुणी दोष देणार नाही. नाही सुटला. तळव्यांची सालं निघाली आहेत, म्हणून अक्षर असं.

तो यरुशलेमेलाच निघालाय. तिथे आपली माणसं त्याला दार उघडणार नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. अबीतल माझी वहिनी, हे त्याला मावशींकडून कळलं होतं; टोपलीत बसण्याआधी त्याने मला विचारलं, अबीतलचा नवरा अजून त्याच घरात राहतो का, मला आधी त्याच्याकडे जायचंय. गाव सोडून गेला, असं मला सहज सांगता आलं असतं. मी हो म्हटलं. अजूनही त्याच्यावर माझा पुरता विश्वास नाही, दादा, आणि तरी मी हो म्हटलं. लेकीला चार दिवस तिच्या मामाकडे पोचव. तू मात्र घरीच थांब.

तुला न विचारता तुझं दार दाखवणारी, तरी तुझीच,
शेलोमित