पिस्तुलाचा चाप अन् पोळ्याचा मान

१८ ऑगस्ट १९९१, रविवार
बाबा गेल्यावरचा पहिला पोळा येऊन राह्यला. तोरणाखाली बार आता मी उडवणार. बार झाला की आमची जोडी पहिली सुटते, मग गावाची. इतकी वर्षं मी मागं कासरा धरून असायचो. सरकारनं पाटीलकी काढली. मान काढून दाखवा म्हणावं.
पेटीतून आज्याचं पिस्तूल काढलं. निजामाच्या काळचं, लायसन चालू. रिकामंच धरून चाप ओढला. हलला नाही. दोन बोटं लावली. नाहीच. बाबा पंच्याहत्तरीत एका बोटानं उडवायचे. म्हणजे दोष बोटाचा. उद्यापासून एक्सरसाइज.

२० ऑगस्ट
विहिरीची बादली एका बोटानं ओढली. निम्मी वर आली. बोट सुजलं. ताकद भरून राह्यली, दुसरं काय. बायको रेणुका हळद लावता लावता हसली. हसू दे.
आई बाबांच्या बाराबद्दल काहीतरी सांगत होती. म्हटलं, आई, हे हत्याराचं काम आहे, तू वाती वळ.

२३ ऑगस्ट, शुक्रवार
चुलतभाऊ चंपतराव पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, बार नाही झाला तर यंदा पहिली जोडी माझी. मी म्हटलं, माझ्या आज्याचा बार ऐकून तुझा आज्या घरात लपायचा. तो म्हणाला, आपला आज्या एकच आहे. मुद्दा तो नाही.

२७ ऑगस्ट
बोट ठीक आहे. दोष चापाचाच. आमच्या तामसीहून बसनं आदिलाबादला गेलो. बंदुका दुरुस्त करणारा हिंदीत म्हणाला, जुनी चीज आहे, हात लावणार नाही, भिंतीला टांगा. शेवटचा बार कधी झाला ते विचारलं. म्हटलं, मागच्या पोळ्याला. त्यानं पिस्तुलाकडं पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडं. घाबरट माणूस.

१ सप्टेंबर
कोणाची गरज नाही. शिलाई मशीनचं तेल ताटात ओतून पिस्तूल बुडवलं. काडतूसही त्यातच टाकलं, दुजाभाव काऊन करा? रेणुका म्हणाली, ताट जेवायचं आहे. या घरात मानापेक्षा ताट मोठं.

५ सप्टेंबर, सकाळी
चाप हलला. करंगळीनं. आधी कुरकुरला, मग लोण्यावाणी. आदिलाबादवाल्याला आणून दाखवायला पाहिजे.
चंपतरावाला निरोप धाडला, तुझी जोडी मागं उभी कर. आई परत आली. सोजरबाईला सांगून ठेवू का म्हणाली. सोजरबाई आमच्या गोठ्यातलं शेण काढते. तिचा पिस्तुलाशी काय संबंध? अजिबात सांगू नको म्हटलं.

८ सप्टेंबर, पोळा, सायंकाळी
सगळ्या जोड्या तोरणाखाली. मी हात वर केला. चाप ओढला. टक. तेलाचा थेंब फेट्यावर. परत टक. चंपतरावानं कासरा सैल सोडला.
पिस्तूल खाली घेऊन रुमालानं पुसत होतो, तेवढ्यात मारुतीच्या देवळामागं धडाम. बैल सुटले, आमची जोडी पुढं. मान राह्यला. जुनं हत्यार आहे, विचार करून उडतं. आवाज देवळामागून आला तो वाऱ्यामुळं.

९ सप्टेंबर
आईनं आज दाराला कडी लावून मला समोर बसवलं अन् सगळं सांगितलं. चाप आज्याच्याच काळात गंजून बसला होता. बाबांनी जन्मात एक बार उडवला नाही. ते हात वर करायचे अन् देवळामागं सोजरबाई सुतळी बॉम्बला उदबत्ती लावायची. तीस वर्षं. गावाला ठाऊक, चंपतरावाला ठाऊक. काल आईनं मला न विचारता तिला उभं केलं होतं. तिनं माझा हात वर जायची वाट पाह्यली, पण उदबत्ती विझली, म्हणून उशीर.
मी तसाच पारावर गेलो. ठणकावून सांगितलं, बार माझ्याच पिस्तुलाचा, कोणाला शंका असेल तर पुढं या. कोणीच आलं नाही. सगळे हो म्हणाले. चंपतरावसुद्धा. फार वाईट वाटलं.
मग पोळ्याच्या मानाचा नारळ निघाला. मी हात पुढं केला. गावानं नारळ सोजरबाईला दिला.