तुझ्या रक्तात कोण झगडत होतं

आये, तू गेलीस त्याला वीस वर्षं होत आली. तू मला एकदा एक प्रश्न विचारला होतास, त्याचं उत्तर आज लिहिते आहे.

बोटीवरच्या नोकरीतून बाबा एचआयव्ही घेऊन आले, तुला देऊन आधी गेले. मी तेव्हा कॉलेजात होते. तुझ्या गोळ्या सुरू करायला मिठबावहून दोन एसट्या बदलून आपण मोठ्या इस्पितळात गेलो. या गोळ्या देतात त्या खोलीबाहेरच्या बाकावर आपण बसलोय, तुझा हात माझ्या गुडघ्यावर. समोरून आपल्या वाडीतली काकी येताना दिसते आणि मी उठते, खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहते. काकी तुला विचारते, सोबत कोण आहे. तू माझ्याकडे बघतही नाहीस. "कोण नाय. एकटीच इलंय."

परतीच्या गाडीत तू रागावली नाहीस. मासे साफ करताना काहीतरी विचारावं तितक्या सहज म्हणालीस, "गो, तू सायन्स शिकतंस. माज्या रगतात ह्या रोगावांगडा झगडणारा कोणच नाय काय?" मला त्या विषयावर बोलायचंच नव्हतं. "नाय. गप रव," मी म्हटलं. पुढच्या महिन्यात तू खरोखरच एकटी गेलीस. त्यानंतर जाणंच सोडलंस, आणि मी कारण विचारलं नाही.

झगडणारे होते, आये. आता मी प्रयोगशाळेत त्यांच्यावरच काम करते. कॉम्प्लिमेंट म्हणतात त्यांना. ही प्रथिनं रक्तात सतत फिरत असतात. परका जंतू भेटला की त्याला चिकटतात, त्याच्या आवरणाला भोकं पाडतात. तुझ्यासाठी ती पहिल्या दिवसापासून झगडत होती. पण हा विषाणू आपल्याच पेशीचं आवरण पांघरून बाहेर पडतो, आणि 'हा आपलाच, सोडा याला' असं सांगणारी प्रथिनं त्या आवरणातच असतात. म्हणून बरेच विषाणू वाचतात. उलट अंगाला चिकटलेल्या कॉम्प्लिमेंटच्याच आधाराने शरीरातल्या लसीका-गाठींमध्ये जाऊन दडतात. नुसत्या त्या प्रथिनांच्या बळावर हे निभत नाही, गोळ्या लागतातच. हे शेवटचं मला तेव्हाही माहीत होतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि घरात कुणाच्या हाती लागू नये म्हणून मी ते फाडूनही टाकीन. परवा लॅबमधल्या एका मुलीने विचारलं, मॅडम, तुमची आई कशाने गेली? मी काविळीने म्हणून सांगितलं.