चौकट ४.०

३ मार्च, सकाळी ९
ताईच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर मेला. नवा आणलाय, पण त्यावर अपॉइंटमेंटचा प्रोग्राम उघडत नाही. साहजिक आहे. तो माझ्या 'चौकट' या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, चालतो. स्क्रीनवरची खिडकी रुबी ही भाषा उघडते, आतलं सगळं जावास्क्रिप्ट दाखवते. नऊ वर्षांपूर्वी एकट्याने लिहिलं. ताईखेरीज कोणी वापरत नाही, हा लोकांचा करंटेपणा.
तिला सांगितलं, अपडेट करायला शनिवार-रविवार पुरे. ती म्हणाली, नक्की ना? पेशंट खोळंबतात रे. दातांच्या डॉक्टरांना सगळ्याचीच घाई.

८ मार्च, संध्याकाळ
नुसतं अपडेट म्हणजे वरवरची मलमपट्टी. मुळापासून नवं लिहिणार. चौकट ४.०! लोगो झाला. उद्यापासून कोड.

११ मार्च
२१२ चाचण्या चालवल्या. २०९ नापास. म्हणजे तीन पास. पाया भक्कम आहे.
बायको म्हणाली, आधी ताईंचं चालू करून दे, मग जगाचं बघ. शाळेत गणित शिकवते, पण सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर म्हटलं की कोरी.

१५ मार्च
रिसेप्शनच्या बाई अपॉइंटमेंट वहीत लिहितायत. आज एकाच वेळेला दोन पेशंट. दोघांचेही गाल सुजलेले, दोघेही भांडले. ताईचा फोन आला. आवाज चढवला नाही. फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही.

१९ मार्च, दुपारी १२.४०
खिडकी उघडली!! पांढरीफटक, आत काही नाही. पण काय झटकन उघडते! व्हिडिओ काढून ताईला पाठवला. उत्तर आलं : 'छान. यात पेशंट कुठे आहेत?'
अशाने माणसाचा हुरूप जातो.

२२ मार्च
खिडकी आता उघडतही नाही. दोष माझा नाही. रुबीवाले एक बदलतात, ब्राउझरवाले दुसरं, आणि मधल्यामध्ये माझा भुगा. बायकोला हे तासभर समजावलं. ती पेपर तपासत होती. शेवटी म्हणाली, ताईंना खरं काय ते सांगून टाक.
सांगणार आहे. आणखी दोन आठवडे मागणार आहे.

२७ मार्च, दुपारी ३
दवाखान्यात गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. रिसेप्शनला एक अनोळखी बाई कॉम्प्युटरपुढे बसलेल्या. तयार सॉफ्टवेअर बसवून देतात. अकराला आल्या होत्या. जुन्या डिस्कवरचे गेल्या नऊ वर्षांतले सगळे पेशंट जेवणाच्या सुट्टीआधी नव्या प्रोग्राममध्ये. एकही सुटला नाही.
त्यांनी ताईला विचारलं, हे जुनं कोणी करून दिलं होतं हो?
ताईने मला पाहिलं होतं. म्हणाली, "होतं कुणीतरी ओळखीचं."
त्या म्हणाल्या, सुटलात.
ताई 'हो' म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी दारातच उभा होतो. त्याला वाट द्यायला बाजूला झालो.