डबीवरचे दात

अहो,

छापखान्यातून मंजनाच्या डब्यांची नवी लेबलं आली. गठ्ठा सोडून बघितला. याही वेळेला थोरलीचाच फोटो हाय.

मग मला चौकातल्या स्टुडिओत कशाला नेलं होतं? नवी साडी नेसले, फोटोवाला म्हणला तसे दात दाखवून हसले. आता डबीवर मी येणार म्हणून साऱ्या गल्लीला सांगून बसले.

भूकंपात गेलेल्या सवतीचा मी कधी राग केला न्हाई. तिच्या फोटोला हार मीच घालते. पण मंजनाचा धंदा आपण लग्नानंतर लातूरला येऊन सुरू केला. तिनं हे मंजन कधी बोटालासुद्धा लावलं न्हाई. बाभळीची साल कुटून, लवंग अन् तुरटी वस्त्रगाळ करून हात काळे पडले माझे, अन् हिरड्या मजबूत झाल्या तिच्या!

काल क्लासच्या पोरी डब्या न्यायला आल्या. एक म्हणली, "काकू, डबीवर तुमची बहीण हाय का?" मी हाव म्हणलं. दुसरं काय सांगू?

मी लोह्याला भावाकडं चालले. न्यायला येऊ नका. भाकरी टोपल्यात हायत, पिठलं गरम करून घ्या. होस्टेलच्या ऑर्डरीचं मंजन चाळून डब्यांत भरून ठेवलंय. लेबलं तेवढी लावायची राहिलीत.

ती तिलाच लावायला सांगा.

सरजा