सरकता फॉल्ट

२९ मार्च १९९९, सोमवार. नरडाणा.

पोहोचलो एकदाचा! अब्बा लेथ बंद ठेवून जळगाव स्टेशनापर्यंत सोडायला आले. घरातला पहिला पोरगा खुर्चीवर बसून पगार घेणार याचंच त्यांना अप्रूप. सहा महिने उमेदवारी, मग नोकरी पक्की. शकील, काम कर आणि तोंड कमी चालव, म्हणाले. कामाचं बघू, तोंडाची हमी नाही.

सरकीच्या तेलाचा कारखाना आहे, नवाकोरा. मोठा संगणक ऑफिसात, पण त्याची सगळी माहिती पटांगणापलीकडच्या खोलीत, डिस्कच्या कपाटात. एकीकडे आग लागली तर दुसरीकडचं वाचावं म्हणून शेठजींची ही युक्ती. मधे जमिनीखालून नारिंगी केबल गेली आहे. तिच्यात केसाएवढे दोन काचेचे धागे, एकातून उजेड जातो, दुसऱ्यातून येतो. तो उजेड दिवसातून कितीदा तरी तुटतो. मग पडदे गोठतात, वजनकाट्यावर ट्रक अडकतात आणि ड्रायव्हर आमच्या सात पिढ्या काढतात. हे बरं करायचं, की नोकरी पक्की.

मॅनेजर देवरेसाहेब गोड माणूस वाटला. आल्या आल्या टरबूज खिलवलं. माठ भरणाऱ्या भागाबाई आहेत, कपाळभर कुंकू, बोलणं मोजकं. जागा आवडली आपल्याला.

१ एप्रिल

आमच्या मास्तरांचा नियम: एका वेळी एकच वस्तू बदलायची. फॉल्ट जिच्याबरोबर सरकला, ती खराब. बाकी सगळ्या गप्पा.

आधी दोन्ही टोकं पुसली. धुळीचा एक कण बसला तरी उजेड अडतो, आणि इथे धूळ भाकरीबरोबर खातात. मग उजेड फेकणारे डबे बदलले, कपाटाचं तोंड बदललं, दोन्ही धागे एकमेकांच्या जागी लावले. फॉल्ट तसाच. म्हणजे खोट जमिनीखालच्या केबलमध्ये.

देवरेसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, केबल सोडून वाटेल ते बदल, रस्ता फोडायचा नाही. आवाज एकदम चढला होता. मी म्हटलं, पायाला काटा बोचतोय आणि तुम्ही टोपी बदलायला सांगताय. हसले नाहीत.

५ एप्रिल

पुण्याहून यंत्र मागवलं होतं, आलं. केबलमध्ये उजेड सोडायचा, तो जिथे अडखळतो तिथलं अंतर यंत्र सांगतं. केबल बरोबर मध्यावर, ट्रकच्या रस्त्याखाली मुडपली आहे. नकाशात तिथे चेंबर, म्हणजे केबल ओढायला उतरायचा खड्डा, दाखवलंय. जाऊन पाहिलं तर झाकण कुठेच नाही, नुसता सिमेंटचा चौकोन, रस्त्याहून नवा. वॉचमन पुनाभाऊंना विचारलं तर ते उन्हाबद्दल बोलायला लागले.

मला तिथे वाकलेलं भागाबाईंनी पाहिलं. दुपारी माठापाशी त्यांनी आपणहून सांगितलं, की मागच्या उन्हाळ्यात ही केबल त्यांच्या नवऱ्याने, हिलालने ओढली. मग तो दिसलाच नाही, पळून गेला असं सगळे सांगतात.

“बठ्ठा म्हणतस, सुरतले पयी गया,” त्या म्हणाल्या. “मंग माले एक कागद का बरं नही धाडा?”

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. घरात वर्षात कुणी गेलं असेल तर त्या दिवशी त्याच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तहानलेला राहू नये म्हणून. भागाबाईंना रोज स्वप्नात हिलाल पाणी मागतो. पण जित्या माणसाची घागर कशी भरायची? तो आहे की नाही, एवढंच त्यांना हवंय.

८ एप्रिल

पुन्हा मोजलं. मुडपलेली जागा ऑफिसच्या बाजूला आली आहे.

काच सरपटत नाही. यंत्र बिघडलं म्हणून दुसऱ्या केबलवर तपासलं, यंत्र ठीक. मग दोन्हीकडची टोकं काढली, ऑफिसातलं हातात घेतलं. पलीकडे काहीच जोडलेलं नाही, तरी उजेड मोजायचा मीटर उजेड दाखवतोय. मधेच जातो, येतो. कुणीतरी आतून हात आड धरतंय आणि काढतंय, असा.

दिवसाढवळ्या अंगावर काटा आला. इथेच लिहितो, कुणाला सांगणार नाही.

१२ एप्रिल

देवरेसाहेब दोन दिवस धुळ्याला होते. फॉल्ट परत चेंबरपाशी गेला आणि गप्प पडून राहिला. आज साहेब आले, खुर्चीत बसले. मोजलं. खोट त्यांच्या केबिनच्या भिंतीखाली. साहेब जेवायला घरी गेले, खोट मागे सरकली. परतले, पुन्हा भिंतीशी.

मास्तरांचा नियम माणसांना लावावा लागेल असं वाटलं नव्हतं. साहेब हल्ली तांब्यामागून तांब्या पितात, तरी ओठ फुटलेले.

१४ एप्रिल

पुनाभाऊंना कोंडीत पकडलं. बोलले.

हिलाल त्या चेंबरमध्ये उतरून केबल ओढत होता. वर सरकीच्या ट्रकांची रांग लागली, शेठजी यायचे होते. देवरे म्हणाला, झाकण टाका, रांग जाऊ द्या, दोन मिनिटांचं काम. रांग संध्याकाळपर्यंत चालली. मे महिना. झाकणावरून चाकं जात होती, खालचं ठोकणं कुणाला ऐकू येणार! दुसऱ्या दिवशी देवरेने झाकण उचललं, आत पाहिलं, पुन्हा टाकलं आणि वर सिमेंट ओतलं. सिमेंट कालवलं पुनाभाऊंनी. सुरतची थाप देवरेची. पोलिसांत चला म्हटलं तर म्हातारा पाया पडला, म्हणाला, मी नाही म्हणून सांगेन.

आणि भागाबाई वर्षभर त्याच देवरेचा माठ भरतायत! माझं डोकं फिरलंय. या माणसाला मी सोडणार नाही.

१७ एप्रिल

मीच शेठजींना फोन केला: चेंबर उघडल्याशिवाय फॉल्ट जात नाही. त्यांनी हुकूम दिला. आज सिमेंट फोडलं, झाकण दिसलं. तेवढ्यात देवरेने मजुरांना आखाजीची सुट्टी देऊन पिटाळलं.

संध्याकाळी मला बोलावून पक्क्या नोकरीचं पत्र हातात ठेवलं. म्हणाला, उद्या दुपारी कुणी नसेल, आपण दोघंच उघडू, आत जनावर मेलेलं असेल, मी उतरतो, तू वरून पोतं ओढ. मी मान हलवली. तोंड अजिबात चालवलं नाही.

१८ एप्रिल. आखाजी.

ऊन नुसतं भाजत होतं. पहारीने झाकण सरकवलं. शिडी लावून देवरे उतरला. मीही वाकून पाहिलं. हिलाल भिंतीला टेकून बसला होता, हाडांचा. नारिंगी केबल मुठीला वेढे देऊन गच्च धरलेली. ती मुडप — तीच.

देवरेने बोटं एकेक सोडवली. केबल सरळ झाली. त्याने पोतं भरलं, मी ओढलं. तो म्हणाला, शकील, आधी पाणी दे.

मी शिडी वर ओढून घेतली. मग झाकण.

एका वेळी एकच वस्तू बदलायची. बदलली.

पोतं भागाबाईंच्या अंगणात नेलं. हाडांबरोबर आलेली हिलालची चुन्याची डबी त्यांनी लगेच ओळखली. रडल्या नाहीत. स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं आणि घागर भरली. “इतलंच जोयजे व्हतं माले.” देवरेने हाडं काढली, तो खालीच आहे, हे मी सांगून टाकलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “मांगे राहना त्याले पानी कोन देई?”

मला आनंद झाला होता, खोटं का लिहू? खूप आनंद झाला होता.

१९ एप्रिल

पडदे सुरळीत. हिरवा दिवा एकदाही मिटला नाही. सगळे माझी पाठ थोपटतायत.

चेंबरवर सिमेंट ओतून घेतलं. पुनाभाऊंनी कालवलं, काही विचारलं नाही. देवरेच्या बायकोचा फोन आला, साहेब कुठे म्हणून. मी म्हटलं, सुरतला गेले असतील.

२१ एप्रिल

पडदे गोठले. मोजलं. मुडप चेंबरपाशी.

आत कुणी केबल धरली असेल तर — आज तिसरा दिवस. जिवंत असेल? सिमेंट फोडायला निघालो होतो. पहार उचलली आणि ठेवली. फोडलं तर मी संपलो.

२३ एप्रिल

मुडप ऑफिसच्या भिंतीशी. देवरेची केबिन रिकामी आहे. मग कुणाकडे —

टोकं काढली. उजेड आहे. येतो, जातो.

२४ एप्रिल. जळगाव.

पळून आलो. ऑफिसात सांगितलं, अब्बांना ताप आहे. पुनाभाऊंना फोन केला. म्हणाले, तुम्ही गाडीत बसलात आणि पडदे चालू झाले, आता मजेत आहे सगळं.

फॉल्ट ज्याच्याबरोबर सरकतो —

तहान लागते. किती प्यालो तरी.

२६ एप्रिल. नरडाणा.

शेठजींनी बोलावून घेतलं. दारातून आत पाऊल टाकलं आणि सगळे पडदे एकदम —

ओठ फुटलेत. भागाबाई काम सोडून गेल्या. माठ मीच भरतो. भरून वळलो की रिकामा. खाली ओल नाही.

टोक हातात घेऊन मोजलं. यंत्र शून्य मीटर म्हणतंय. शून्य म्हणजे इथेच, माझ्या हातात —

केबल ओढली जातेय. हळूहळू, खालून. मी सोडतोय पण बोटं — वेढे बसलेत मुठीला — डाव्या हाताने लिहितोय —

पाणी म्हणतोय. मी देतो म्हटलं, साहेब, देतो, आधी हात सो