झेंडूत उगवलेलं

२७ नोव्हें. ९८, शुक्रवार. अल ऐन

कपडे काढायला गच्चीवर गेले तर ह्यांचा वास. चिलीम पेटवायच्या आधी तळहातावर गांजा चुरत बसायचे, तो. हिरवट, उग्र, घशात चिकटणारा.

उभी राहिले. खाली अरबाबच्या, म्हणजे घरमालकाच्या, गाड्या, पलीकडे त्याची खजुरं, माणूस कोणी नाही. म्हटलं, गुडघे गेले, डोळे गेले, आता नाकही चाललं. खाली आले. दिलीपची बनियन दोरीवरच राहिली. परत गेले नाही.

२९ नोव्हें.

आज परत. दिवे लागायच्या वेळी जास्त.

सूनबाईला वर नेलं. हुंगून म्हणाली, "काही नाही आई, अरबाबच्या बकऱ्या आहेत." बकऱ्यांचा वास मला शिकवते. माझा जन्म शेळ्यांमागे गेला, हिचा पुण्यात तिसऱ्या मजल्यावर.

पिंकी नाक दाबून म्हणाली, "आज्जी, इट स्टिंक्स." म्हणजे पोरीलाही येतो. माझ्या डोक्यातला नाही.

मग कुठला?

३० नोव्हें.

झोप नाही लागली. लिहिते.

हे गेले सत्त्याऐंशीच्या चैत्रात. गेले म्हणजे उठून गेले. खांद्यावर टॉवेल, म्हणाले मठात जाऊन येतो. मठातला गोसावीही त्याच दिवशी नाहीसा. विहिरींना सुरुंग लावणारा माणूस, वात पेटवून पळायची सवय अंगातच होती. कोणी म्हणे गिरनारला दिसला, कोणी म्हणे हरद्वारला. मी शोधायला गेले नाही. शेळ्या कोणी पाहिल्या असत्या?

परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा बाहुला करून जाळायचा. मग तो मेला. आमच्यात असं आहे.

पण दिलीपला घाई. मला इकडे आखातात आणायचं तर व्हिसाच्या कागदावर बाप एकतर सोबत हवा, नाहीतर मेलेला. कोर्टाला सात वर्षं पुरतात म्हणे, कोर्टाचा कागद निघाला. भाऊबंद म्हणाले, कोर्ट कोण, क्रिया करा. नाशिकला भटजी म्हणाले एक वर्ष कमी भरतंय. दिलीप म्हणाला, "गुरुजी, मला रजा पंधराच दिवसांची आहे." भटजींनी पंचांग बघितलं, दिलीपच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं, म्हणाले चालेल.

तर मे महिन्यात जाळला. अकराच वर्षांनी. आणि जूनमध्ये मी विमानात.

वर्षभर आधीच. तो वास त्या उरलेल्या वर्षाचाच आहे का, असं वाटतं. वाटतं म्हणजे काय. वाटतं.

३ डिसें. दत्तजयंती

सापडला.

टाकीच्या मागे कठड्याखाली माझ्या झेंडूच्या कुंड्या. दसऱ्यासाठी लावलेल्या. त्यातलं एक नुसतंच वाढत होतं, फूल नाही. म्हटलं नर झेंडू असेल, पाणी घालत राहिले. आज पिवळं पान काढायला हात घातला तर बोटं चिकटली. नाकाशी नेली. खाली बसले.

झेंडू नाही. गांजाचं झाड. माझ्या छातीएवढं, शेंड्यांवर तुरे आलेलं. मठाच्या मागे असायचं असं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना कातरलेलं पान दिसलं की झाला झेंडू.

कुठून आलं तेही कळलं. पितृपक्षात ह्यांचं पहिलं पान मांडलं होतं कठड्यावर. इथे कावळा नाही. दिलीप म्हणाला कावळे समुद्राकडे, खोर फक्कानला. मी म्हटलं चला. "आई, कावळ्यासाठी सुट्टीचा अख्खा दिवस गाडी चालवू?" मग मी कोपऱ्यावरच्या बकालातून, म्हणजे वाण्याकडून, पाखरांच्या दाण्याची पिशवी आणली. चार दिरहम, म्हणजे पंचेचाळीस रुपये. पानाभोवती दाणे टाकले, म्हटलं कावळा नाही तर साळुंकी तरी शिवेल. साळुंक्या आल्या, दाणे वेचले, उडाल्या. भाताला चोच नाही लावली. संध्याकाळी मुंग्या लागल्या.

उरलेले दाणे खाली कुंड्यांत पडले. त्यात ह्याचंही बी असणार.

म्हणजे ह्यांच्या पानावरून उगवलंय हे. वडे ठेवले ते नको. हे पाहिजे. माणूस बदलत नाही.

४ डिसें., शुक्रवार

दिलीप-सूनबाई बाजारात. वर गेले, बुंधा धरला, ओढणार होते.

नाही ओढला. म्हटलं शेजारच्या झेंडूची मुळं दुखावतील.

खोटं. झेंडू कधीच वाळलेत.

८ डिसें.

जेवताना दिलीप सांगत होता. त्याच्या हॉस्पिटलात कोणाचा तरी भाऊ विमानतळावर धरला. सामानात खसखशीची पुडी, इथे ती अफूच धरतात. अनारशांसाठी आईने दिलेली. आत आहे, कधी सुटेल पत्ता नाही.

मग माझ्याकडे वळला. "आई, तू आणली नाहीस ना?"

"तुझ्या बापाला जाळून आले, हात रिकामेच होते."

तरी माझी ट्रंक उचकटली. काळा मसाला हुंगला, दगडफूल दिव्याखाली धरलं. म्हणतो, "हे काय आहे?" लहानपणापासून ह्याच्या आमटीत घालतेय. सूनबाई म्हणाली, "अहो, पुरे. आईंना कळतं." तो म्हणाला, "इथे कळून उपयोग नाही. सापडलं की खलास. नोकरी, घर, पिंकीची शाळा, सगळं. मला आत टाकतील आणि तुम्हाला दोन दिवसांत विमानात बसवतील."

मी ताकात मीठ घातलं. डोक्यावर छत, छतावर तो.

१३ डिसें.

उद्या काढते म्हणते. रोज म्हणते.

तुऱ्यांवर पांढरे केस होते ते विटकरी व्हायला लागले. पानांवर साखर शिंपडल्यासारखं चमकतं. खालची पानं आपोआप गळतात. शेंडा जड झालाय, वाऱ्याने कलंडत होता. जुन्या लुगड्याचा काठ फाडून काठीला बांधला. वरून चादर वाळत घातली, आडोसा म्हणून. चादर काढली की तिला वास. आता चादर धुवायची आणि परत तिथेच वाळत घालायची.

बांधताना बोलून गेले, "इतकी वर्षं होतात कुठं?"

आणि गप्प बसले, जसं काही कोणी सांगणार आहे.

१४ डिसें.

सकाळी चहा दोन कप ओतला. दिलीप गेलेला, सूनबाई शाळेत शिकवायला. मोरीत ओतून दिला दुसरा. ह्यांना साखर जास्त लागायची. तेवढीच घातली होती.

१७ डिसें.

शेरजान आला टाकी धुवायला. अरबाबचा राखणदार, पठाण, मेंदी लावलेली दाढी. खजुरांना पाणी घालतो, गच्चीची दुसरी किल्ली त्याच्याकडे. मी खाली होते. वर गेले तोवर चादर बाजूला.

"अम्मा, ये क्या लगाया?"

"झेंडू. गेंदा."

"गेंदा वो है, सूखा हुआ. ये गेंदा नहीं है. हमारे मुल्क में बच्चा बच्चा जानता है."

"तेरे मुल्क का मेरे को मत बता. आपोआप उग्या है. मेरे घरवाले के पान पर से."

त्याला काय कळलं देव जाणे. टाकीच्या झाकणावर बसला. म्हणाला, "घरवाला किधर है?"

"मालूम नहीं."

"मर गया?"

"कागद पर."

हसला नाही. मग सांगितलं त्याने. "अम्मा, पुलिस आएगी तो पूछेगी चाबी किसके पास. तेरे को कौन पकड़ेगा, तू बुढ्ढी. पहले पठान को पकड़ेंगे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दिलीपचं आलं, पिंकीचं आलं. ह्याचं नाही.

म्हटलं, "काढते. दोन-चार दिन."

"इन्शाल्ला," म्हणाला. टाकी अर्धीच धुऊन गेला.

२० डिसें.

आजपासून रमजान. शेरजान खाली पाणी घालतो, वर बघत नाही. मी कठड्याशी उभी राहिले तर पाठ फिरवतो.

चीड येते. ओळख नसल्यासारखा वागतो. मग वाटतं, मी तरी काय वागतेय.

२६ डिसें.

संध्याकाळी वर बसले होते. थंडी. पाठीमागे कोणीतरी घसा खाकरला. ह्यांचंच खाकरणं, दोनदा थांबून. वळले नाही. बसून राहिले. बराच वेळ काही नाही, मग नमाजाची बांग.

पाण्याचा नळ असेल. हवा धरते तेव्हा असाच बोलतो. तो बंद होता ही गोष्ट वेगळी.

भीती नाही वाटली. राग आला. म्हटलं, यायचं तर पुढून या. आयुष्यभर मागच्या दारानेच.

५ जाने. ९९

दिलीप सांगत आला, ईदच्या आधी अरबाब इमारत रंगवतोय. शनिवारी माणसं येणार, सुरुवात गच्चीपासून. "आई, तुझ्या कुंड्या-बिंड्या हलव. नाहीतर मी उतरवतो खाली, यल्ला, आत्ताच."

"तू हात लावू नको. पाठ धरेल तुझी."

"मग पठाणाला सांगतो."

"मी सांगते त्याला."

६ जाने.

शेरजानला जिन्यात गाठलं. म्हणाला, "अम्मा, रोजे में झूठ नहीं बोलूँगा. कोई पूछेगा तो बोलूँगा किसका है."

"बोल."

"फिर तेरा बेटा?"

मी एक पायरी खाली उतरले. मग म्हणाला, "जुम्मे को काट दे. जला मत, पूरा मोहल्ला सूँघेगा. थैले में भर. मैं ले जाऊँगा, खजूर के पत्तों के नीचे."

"तू कशाला? मी टाकते कचरापेटीत."

"तू थैला लेके निकलेगी तो सब पूछेगा अम्मा किधर जाती. मेरे को कोई नहीं देखता."

८ जाने., शुक्रवार

दुपारी सगळे पुरुष नमाजाला, रस्ता सुना. दिलीप झोपलेला. विळी घेऊन वर गेले.

चादर काढली. पिकलं होतं. तुरे सगळे विटकरी, पानं पिवळी, जांभळट, काठीवर मान टाकलेली. आपोआप गेलं असतं आणखी थोड्या दिवसांत. तेवढंही थांबता येत नाही ह्या घरात कोणाला.

विळी बसत नव्हती. बुंधा दोरखंडासारखा. दोन्ही हातांनी उपटला, मुळासकट आला, माती उडाली तोंडावर. एवढासा आवाज झाला. रडले नाही. नाशिकलाही नव्हते रडले. भटजी म्हणाले होते, बाई, चार टिपं काढा, रीत आहे. म्हटलं, पानांसाठी?

तुकडे करून काळ्या पिशवीत दाबले. शेरजान आला. सायकलला मागे झावळ्या बांधल्या, त्यात पिशवी. तोंड कोरडं पडलेलं त्याचं, उपासाने की कशाने. म्हटलं, "संभाल के." मान हलवली.

हात चारदा धुतले. खोबरेल, उदबत्तीची राख, लिंबू. जेवायला वाढताना दिलीप म्हणाला, "आई, कसला वास येतोय तुला?" म्हटलं, म्हातारीचा.

९ जाने.

रंगारी आले. गच्ची पांढरीफेक.

संध्याकाळी गेले होते वर. नुसता रंगाचा वास. चांगलं झालं.

चांगलं झालं.

१२ जाने.

शेरजान दिसला नाही. शनिवारपासूनच. खजुरांच्या आळ्यात माती भेगाळलीय. त्याच्या खोलीला बाहेरून कडी. सायकल नाही.

दिलीपला विचारलं, सहज विचारावं तसं. "रमजान आहे आई, दुपारी झोपत असतील." मी काय फक्त दुपारी बघितलं होतं? पहाटेही बघितलं.

१४ जाने. संक्रांत

तीळगूळ केला. पाकच जमला नाही, हातात लाडू फुटत होते.

सूनबाई अरबाबच्या घरी डबा घेऊन गेली. तिला म्हटलं, त्यांच्या बाईला विचार, राखणदार कुठाय, टाकी धुवायचीय. परत आल्यावर म्हणाली, "विचारायचं राहिलं." जीभ चावली मी. पुन्हा विचारायला लावलं तर ही विचारेल, का.

कोणाला विचारायचं? अरबाबला विचारलं तर तो विचारेल, तुमचा काय संबंध. पोलिसांना विचारायचं म्हणजे त्याच्या सायकलवर काय होतं ते सांगायचं. नवरा गेला तेव्हा निदान चावडीवर जाऊन बोंब तरी मारता आली असती. मारली नाही, पण आली असती.

१९ जाने. ईद

खाली नवीन माणूस. कोवळा, बंगाली. नवा सदरा घालून खजुरांना पाणी घालतोय. खाली गेले.

"शेरजान किधर?"

"चला गया, माँजी."

"किधर चला गया? मुल्क?"

"मालूम नहीं. मैं आया तो कमरा खाली था. चप्पल पड़ा था, बस."

चपला बघितल्या. दाराशी होत्या, ह्याने नीट जोडून ठेवलेल्या. मुलखाला जाणारा माणूस चपला टाकून जातो का? बूट असतील त्याच्याकडे. ईदसाठी घेतले असतील. घेतात माणसं.

२२ जाने., शुक्रवार

दिलीप म्हणाला, पोलीस बरेच दिवस उसाच्या चरकाच्या चौकात उभे असतात, सायकलवाल्यांचे परवाने बघतात. सहज म्हणाला, टोमॅटो चिरता चिरता. मी विचारलं, कधीपासून? "रमजानपासून असतील. का गं?"

"काही नाही."

सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मग कढईकडे.

दुपारी वर गेले. पांढरी गच्ची, रिकाम्या कुंड्या, डोळ्यांवर ऊन. वास नाही. खाकरणं नाही. एवढे दिवस पिच्छा पुरवला आणि आता बोलवलं तर नाही. कठड्याशी उभी राहून रस्ता बघत होते. कोणाची वाट बघतेय ते मला नीट सांगता आलं नसतं. एक सायकल आली लांबून. दुसराच कोणी.

दिलीप मागून आला. "आई, उन्हात काय करतेस? त्या पठाणाचं एवढं काय पडलंय तुला? आला तर येईल."

"टाकी अर्धीच धुतलीय त्याने," म्हटलं.